सिरॅमिक ब्रेक पॅडच्या नावाखाली १३,९०० ला गंडवलं. सोसायटीत फ्री ब्रेक चेकअप लागला असेल तर आधी हे वाचा

आकडा आधीच सांगून टाकते, ज्यांना हसायचंय त्यांनी हसून घ्या. १३,९०० रुपये. वर ती घाण निस्तरायला कराडला गेले ते ६,००० वेगळे. म्हणजे १९,९००, तेही २०१७ च्या वॅगनआरच्या ब्रेकवर. आणि मी करते काय? अकाउंट्स. २२ वर्षं. व्हेंडरचं बिल माझ्या टेबलावरून गेल्याशिवाय पास होत नाही, पन्नास पैशाचा फरक असला तरी परत पाठवते म्हणून लोक माझ्या नावानं बोटं मोडतात. त्या बाईला एका पोरानं गुलाबी कार्बनच्या बिलावर गंडवलं.

फ्री चेकअप कॅम्प काय प्रकार असतो ते सांगत बसत नाही, आरओचे, कानाच्या मशीनचे, गाड्यांचे, सगळ्यांच्या सोसायटीत येऊन गेलेत. आमच्याकडे पुण्यात वारज्याला संक्रांतीच्या आधीच्या शनिवारी लागला. गेटवर फ्लेक्स, आत एक व्हॅन, सारख्या टी-शर्टातली तीन पोरं, आणि आदल्या रात्री कमिटीचा ग्रुपवर मेसेज, "सर्व सभासदांनी लाभ घ्यावा". हा मेसेज लक्षात ठेवा.

मी ऑफिसातून आले ते संध्याकाळी सहाला. हिंजवडीहून वारजे, शनिवार असूनही सव्वा तास, पूर्ण रस्ता ब्रेक क्लच ब्रेक क्लच. गाडी लावत होते तेवढ्यात पोरगं आलं, "मॅडम दोन मिनिटं, फ्री आहे". म्हटलं बघ. त्यानं पुढचं डावं चाक काढलं, मी फोनवर होते, मुलीचा क्लास सुटायची वेळ झालेली. मधेच विचारलं, "लाँगला जाता का मॅडम?" मी म्हटलं हो, महिन्यातून एकदा कराडला, माहेर आहे. झालं, त्याला हवं ते मिळालं. पाच मिनिटांनी पॅड (लोखंडी पत्र्यावर चिकटवलेलं मटेरियल, ते चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला दाबलं की गाडी थांबते) आणून माझ्या तळहातावर ठेवलं. "दीड एमएम राहिलंय. घाटात गेला असतात तर संपलं होतं."

ते पॅड गार होतं.

यावर मी किती रात्री जागी आहे ते मलाच माहीत. सव्वा तास ट्रॅफिकमध्ये घासलेलं पॅड पाच मिनिटांपूर्वी काढलंय आणि ते फ्रीजमधल्या बटाट्यासारखं गार? निदान कोमट तरी लागायला हवं होतं. हाताला गार लागलं हे मला तेव्हाही कळलं, अगदी स्पष्ट आठवतंय, अंगठ्याखाली लोखंडी पत्रा गार आणि कडेला सुकलेली लाल माती. माझी गाडी दोन वर्षांत कोकणात गेलेली नाही. हात सांगत होता आणि डोकं घाटात अडकलेलं, मागच्या सीटवर मुलगी, समोर उतार. दुसऱ्या कुणाचं तरी झिजलेलं पॅड ही पोरं पिशवीत घालूनच हिंडतात, प्रत्येकाला तेच दाखवतात. आणि घरी सर्व्हिसची फाइल आहे, त्यात ४४,००० ला पॅड बदलल्याची नोंद आहे, गाडी आता ५८,००० वर. १४,००० किलोमीटरमध्ये माझ्यासारख्या गाडी हळू चालवणाऱ्या बाईचं पॅड दीड एमएमवर येतं होय? फाइल तिसऱ्या मजल्यावर होती. लिफ्ट चालू होती.

मग प्रवचन. नॉर्मल पॅड म्हणजे लोकल, आता सगळे सिरॅमिकच टाकतात, एक लाख किलोमीटर बघायचं नाही, ब्रेक निम्म्या अंतरात लागतो. आणि मोबाइलवर व्हिडिओ, रेसची गाडी, डिस्क निखाऱ्यासारखी लाल. सिरॅमिक म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर आईच्या कपबशा येतात, मी काय उलटतपासणी घेणार? नंतर कळलं की त्या व्हिडिओतली वस्तूच वेगळी. ती कार्बन सिरॅमिक डिस्क, सुपरकारना असते, किंमत लाखांत. माझ्या गाडीला विकत होता ते सिरॅमिक पॅड. डिस्क वेगळी, पॅड वेगळं, नावातला एक शब्द सारखा, त्याच्यावरच सगळा धंदा.

आता बिल. हे लिहिताना पण कान गरम होतायत. फ्रंट सिरॅमिक पॅड ४,६००, रिअर सिरॅमिक पॅड ३,८००, डिस्क टर्निंग (म्हणजे डिस्क लेथवर घासून सपाट करणं) १,०००, कॅलिपर (पॅड दाबणारा भाग) सर्व्हिस ९००, लेबर ६००. झाले १०,९००. त्यावर जीएसटी २८ टक्के ३,०५२. एकूण १३,९५२. "५२ सोडा मॅडम, १३,९०० द्या." आणि मला, मला! बरं वाटलं की ५२ सुटले. बेरीज तपासली, बरोबर होती. बेरीज तेवढी तपासली.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ऑटो पार्ट्सवर १८ टक्के झालाय, ते सर्क्युलर ऑफिसात मीच सगळ्यांना फॉरवर्ड केलं होतं. आणि लेबरवर २८ कधीच नव्हता. जीएसटी नंबर १५ अक्षरी असतो, महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो, बिलावरचा २७ नेच सुरू होत होता पण मोजलात तर १४. टॅक्स सेंट्रल स्टेट असा निम्मा निम्मा दाखवायला हवा, तो एकाच ओळीत. पेमेंट फर्मच्या नावावर नाही, कुणातरी माणसाच्या पर्सनल यूपीआयवर. ऑफिसात असं बिल आलं असतं तर आणणाऱ्याला बसवून चहा पाजला असता आणि हळूच साहेबांना बोलावलं असतं. पण पार्किंगमध्ये अंधार पडलेला, एक चाक जॅकवर, मुलगी क्लासच्या दारात उभी, फोन वाजतोय. जॅकवर चाक असताना माणूस बिल वाचत नाही, ते त्यांना पक्कं माहीत असतं.

तीन आठवड्यांनी कराडला निघाले. नवा कात्रज बोगदा संपून शिंदेवाडीकडे उतार लागला तिथून किर्रर्र चालू. खेड शिवापूरच्या टोलला शेजारच्या ट्रकवाल्यानं वाकून बघितलं. आनेवाडीला तर ब्रेकच्या पेडलमध्ये थरथर जाणवायला लागली आणि गाडी डावीकडे ओढत होती. उतारावर सेकंड गिअर टाकून, चाळीसच्या पुढे न जाता, मागच्यांच्या शिव्या खात कराड गाठलं आणि घरी न जाता थेट अण्णांकडे. अण्णा म्हणजे आमच्या वडिलांच्या अॅम्बॅसेडरपासूनचे मिस्त्री.

अण्णांनी बिल वाचलं, चष्मा वर केला. "ताई, रिअर पॅड कुठं बसवली?"
"मागे."
"मागं ड्रम हाय. ड्रमात पॅड नसतंय, लायनर असतंय."
मी गप्प.
"आन् डिस्क टर्निंग? पार्किंगात लेथ आणला हुता काय त्यांनी?"

गॅरेजमधली पोरं तोंड फिरवून हसत होती. डिस्क गाडीवरनं उतरलीच नव्हती. मागचे ड्रम उघडलेच नव्हते, वरची धूळ जशीच्या तशी. पाच ओळींच्या बिलात खरोखर गाडीला लागलेली वस्तू एकच, पुढची पॅड, आणि ती पण बोगस. अण्णांनी पॅड काढून स्क्रू ड्रायव्हरनं मागच्या पत्र्यावरचा काळा रंग खरवडला, खाली गंजाचे खड्डे. म्हणजे भंगारातल्या जुन्या प्लेटवर नवीन मटेरियल चिकटवून, रंग मारून, चकचकीत बॉक्समध्ये घालून ४,६०० ला. डावीकडचं मटेरियल एका कडेनं सुटलेलं, त्या फटीत त्यांनी खिळा घालून दाखवला. तिथून पत्रा डिस्कवर घासत होता, डिस्कवर नखाला लागतील अशा चऱ्या. मग जुन्या स्पीकरचा लोहचुंबक आणून पॅडच्या घासणाऱ्या बाजूला लावला तर टक्कन चिकटला. अण्णांचं म्हणणं, ह्यात लोखंडाचा चुरा भरपूर आहे, सिरॅमिकमध्ये एवढा नसतो. (घरी करणार असाल तर मागच्या बाजूला लावू नका, मागचा पत्रा लोखंडीच असतो, तिथे काहीही चिकटेल. आणि पॅड झिजून पातळ झालं असेल तर त्या पत्र्याची ओढ पुढूनही लागते, त्यामुळे ही टेस्ट नव्या जाड पॅडवरच.)

दोन नव्या डिस्क ३,९००, कंपनीची साधी पॅड १,४५०, मजुरी ६५०. पक्कं बिल. ड्रम फुकट साफ करून दिले.

मी चिडून विचारलं की मग खरी सिरॅमिक टाकू का. तर म्हणाले कशाला. चांगली सिरॅमिक वाईट नसतात, आवाज कमी, काळी पूड कमी, अलॉय व्हील असतील तर चाकं स्वच्छ राहतात, पैसे जास्त. पण गाडी निम्म्या अंतरात थांबते वगैरे थापा, ते टायर, रस्ता आणि स्पीडवर जास्त आहे. ज्यात धातूचा चुरा जास्त ती सेमी मेटॅलिक, उष्णता चांगली सोसतात, लोड घेऊन घाट उतरणाऱ्याला बरी, पण कुरकुरतात, पूड सोडतात, डिस्क जास्त खातात. ऑरगॅनिक मऊ आणि शांत, पण लवकर संपतात. गावातल्या गावात आणि महिन्यातून एकदा कराड, त्याला कंपनीनं दिलंय तेच टाका. एवढं ऐकायला मला १९,९०० मोजावे लागले.

आता साहेबलोकांकडे येते. चौकीत गेले तर पहिला प्रश्न, "मिस्टर कुठंयत?" गाडी माझ्या नावावर, पैसे माझ्या खात्यातून, फसले मी, मिस्टरांचं काय काम? मग म्हणे हे सिव्हिल मॅटर आहे. मी म्हटलं खोटा माल, खोटा जीएसटी नंबर, न केलेल्या कामाचं बिल, ही फसवणूक नाही? बीएनएसचं (भारतीय न्याय संहिता) फसवणुकीचं ३१८ कलम फोनवर काढून दाखवलं तर हवालदार म्हणाले, "तुम्ही वकील आहात का?" मग हद्द निघाली. बिलावरचा पत्ता दुसऱ्या हद्दीतला, तिकडे जा. तिकडे गेले, त्या पत्त्यावर ज्यूस सेंटर, आणि ते म्हणाले घटना तुमच्या सोसायटीत घडली, तिकडे जा. दोन सुट्ट्या गेल्या. शेवटी अर्ज देऊन पोचचा शिक्का घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठले नाही, तेव्हा शिक्का मिळाला, तोही उलटा मारलेला. बँकेत गेले तर "पिन तुम्हीच टाकलात ना?" म्हणून हात वर. एका सरकारी ऑफिसात बॉक्स घेऊन गेले, त्यावर एमआरपी नाही, बनवणाऱ्याचा पत्ता नाही, महिना नाही, तर तिथली बाई म्हणाली साहेब मीटिंगला गेलेत, चार दिवसांनी या, चार दिवसांनी साहेब रजेवर.

आणि आमची कमिटी! ज्यांनी "लाभ घ्यावा" लिहिलं त्यांचं उत्तर, "आम्ही फक्त जागा दिली". जागा फुकट दिली का हो? पावती दाखवा म्हटलं तर ग्रुपवर फक्त अॅडमिन लिहू शकतील असं सेटिंग झालं.

ग्राहक आयोगात तक्रार केलीये, ऑनलाइन होते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, दोन वर्षांची मुदत असते, वकील लागतोच असं नाही. १९१५ ला, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, पण नोंद करून ठेवा, नंबर मिळतो. समोरच्याचा पत्ता ज्यूस सेंटरचा असताना नोटीस कुणाला जाणार ते मला विचारू नका.

काढलेला जुना पार्ट स्वतःच्या ताब्यात घ्या. माझी चांगली पॅड ती पोरं "डिस्पोज करतो" म्हणून घेऊन गेली, आता ती कुणाच्या गाडीला रंग मारून बसलीत देव जाणे. चाक काढताना फोन ठेवा आणि समोर उभे राहा. तुमच्या गाडीला मागे ड्रम आहे की डिस्क एवढं आजच बघून ठेवा, बहुतेक छोट्या गाड्यांना मागे ड्रमच असतो. जीएसटी नंबर पोर्टलवर टाकला की मिनिटात नाव येतं, पैसे देण्याआधी टाका, नंतर टाकून माझ्यासारखं स्वतःच्या कपाळावर मारून घ्यायला होतं. पाच मिनिटांत ठरवा म्हणाला की चाक बसव म्हणायचं, फाइल बघायला वर जायचं, खाली येईपर्यंत व्हॅन निघून गेली तर गेली.

आणि आमच्याच सोसायटीतल्यांसाठी, कारण ग्रुपवर लिहिता येत नाही. त्या दिवशी ११ गाड्यांना तीच पॅड बसलीत. माझी धरून चौघांनी चाक उघडून बघितलं, चारही बोगस. बाकीचे सात जण लिफ्टमध्ये भेटले की म्हणतात आमची ठीक चाललीये. माझी पण कात्रजच्या बोगद्यापर्यंत ठीकच चालली होती. बी विंगचे दोघे येत्या शनिवारी महाबळेश्वरला निघालेत, त्यांनी कृपा करून लाज सोडा आणि शुक्रवारी गाडी कुठल्याही गॅरेजला न्या, पुढची दोन्ही चाकं उघडायला सांगा.