बातमीचा खर्च, तुमचा वेळ की टीमचा निधी? मुक्त शोधपत्रकाराने अर्ज करण्याआधी

हातात एक धागा आहे, चार कागद आहेत, एक जाणकार बोलायला तयार आहे. पण महिन्याचा पगार देणारं कुणी नाही. अशा वेळी फेलोशिपच्या याद्या चाळताना नजर आधी आकड्यावर जाते आणि निवड तिथेच फसते. आकड्याआधी पाहायचं ते पैसे कशासाठी मिळतात हे. काही निधी बातमीचा खर्च उचलतात, काही तुमचा वेळ मोकळा करून देतात, काहींना दोन देशांतली टीम हवी असते. एकच विषय तिन्हीकडे पाठवायचा तर तीन वेगळे अर्ज लिहावे लागतात. कॉपी-पेस्ट केलेला अर्ज परीक्षकांना पहिल्या पानावरच ओळखू येतो.

खर्च देणाऱ्यांतलं जुनं नाव म्हणजे अमेरिकेतला फंड फॉर इन्व्हेस्टिगेटिव्ह जर्नालिझम, स्थापना १९६९. त्याच वर्षी सेमूर हर्श या मुक्त पत्रकाराला फंडाने आधी २५० डॉलर दिले, नंतर आणखी २,०००. त्यातून व्हिएतनाममध्ये अमेरिकी सैनिकांनी केलेल्या माय लाई हत्याकांडाची बातमी उघड झाली आणि पुढच्या वर्षी हर्श यांना पुलित्झर पुरस्कार मिळाला. पहिले २५० डॉलर नेमकं काय करून गेले, ते पाहण्यासारखं आहे. ज्याच्यावर आरोप होते तो अधिकारी कुठे आहे हे शोधून त्याच्यापर्यंत पोहोचणं, इतकाच प्रश्न त्या टप्प्यावर होता. तुमचीही बातमी एका प्रवासावर किंवा एका कागदाच्या गठ्ठ्यावर अडली असेल, तर छोटं अनुदान पुरतं. वर्षाच्या फेलोशिपची वाट पाहण्यात अर्थ नाही.

आता या फंडाचं अनुदान १०,००० डॉलरपर्यंत जातं. बातमी इंग्रजीत हवी आणि अमेरिकेतल्या एखाद्या माध्यमसंस्थेचं हमीपत्र अर्जासोबत जोडावं लागतं. पूर्ण १०,००० मिळाले असं धरून पाच महिन्यांचा हिशेब मांडून पाहा. दोन दौरे २,६००. कागदपत्रांच्या प्रती आणि शुल्क ९००. दुभाषा आठ दिवस, रोज १५० प्रमाणे १,२००. डेटा साफ करून घेणं ७००. छापण्याआधी वकिलाकडून वाचून घेणं १,०००. झाले ६,४००. उरलेले ३,६०० डॉलर बावीस आठवड्यांत वाटले, तर तुमच्या वाट्याला आठवड्याला जेमतेम १६४. ‘१०,०००ची फेलोशिप मिळाली’ म्हणून नियमित कामं सोडणारे तिसऱ्या महिन्यात उसनवारीवर येतात, त्याचं कारण या वजाबाकीत आहे.

आता वेळ देणारी फेलोशिप शेजारी ठेवू. ॲलिशिया पॅटरसन फाउंडेशनची फेलोशिप १९६५पासूनची. तिची रूढ रचना अशी: बारा महिन्यांना ४०,००० डॉलर, सहा महिन्यांना २०,०००. वरचाच ६,४००चा खर्च यातून वजा केला, तरी वर्षभर आठवड्याला सुमारे ६४६ उरतात, म्हणजे जवळजवळ चौपट. पण दार अरुंद आहे. अर्जदार अमेरिकी नागरिक हवा किंवा अमेरिकी प्रकाशनांसाठी काम करणारा, आणि गाठीशी अनुभवही हवा. शिवाय अशा फेलोशिपमध्ये पूर्णवेळ त्याच विषयाला वाहून घेणं अपेक्षित असतं. आठवड्याला दोन स्तंभ लिहून घर चालवणाऱ्याने ही अट आधी वाचावी. वर्ष संपल्यावर सोडलेले स्तंभ परत मिळतीलच असं नाही, आणि हा तोटा कुठल्याच बजेटमध्ये दिसत नाही.

टीमचे निधी युरोपात जास्त. जर्नलिझमफंड युरोप या संस्थेची मुळं १९९८ सालच्या पास्कल डेक्रूस निधीत आहेत. २०१८मध्ये ‘आयजेफॉरईयू’ ही युरोपीय संघाच्या पैशावर चालणारी योजना आली. दोन्हीकडे सीमापार काम ही मुख्य अट. आयजेफॉरईयूमध्ये मुक्त पत्रकारांच्या टीमसाठी स्वतंत्र योजना आहे. तिच्यात २०,००० युरोपर्यंत रक्कम मिळते आणि सोबत मार्गदर्शक. मोठ्या टीमच्या योजनेची कमाल ५०,०००. आकडा डोळ्यांत भरतो, पण चार जणांत वाटल्यावर तो पुन्हा पहिल्या हिशेबापाशी येतो. त्यातून एकाला समन्वयकाची हमाली करावीच लागते: करार, पावत्या, सुरक्षित संपर्क, दोन देशांच्या वकिलांची मतं. ते कामाचे दिवस म्हणून बजेटमध्ये दाखवलेच नाहीत, तर ते फुकट जातात आणि टीम तिथेच फुटते. बातमीतला पैसा किंवा माल खरोखर सीमा ओलांडत असेल तरच इकडे जावं. केवळ अट पुरी करायला जोडलेला दुसरा देश परीक्षकांच्या लगेच लक्षात येतो.

विषय ठरलेला असेल तर पत्रकारांना निधी देणाऱ्या पुलित्झर सेंटर या अमेरिकी संस्थेची नेटवर्क्स पाहावीत: पर्जन्यवनांवर एक, समुद्रावर एक, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या उत्तरदायित्वावर एक. डेटा आणि उपग्रहचित्रांची मदत शेजारी मिळते, हा मोठा फायदा. अडचण एवढीच की विषयाची चौकट त्यांची असते.

हार्वर्डची नीमन फेलोशिप १९३८पासूनची. मुक्त पत्रकारही तिला अर्ज करू शकतात. पण त्या वर्षात व्यावसायिक काम बंद ठेवायचं असतं. अभ्यासाला, दमलेल्या माणसाला उत्तम; हातातल्या बातमीला निरुपयोगी. यादीत शोभते म्हणून अर्ज करू नये.

आता हमीपत्र, कारण बहुतेक अर्ज तिथेच ढेपाळतात. ‘आम्हाला या विषयात रस आहे’ हे वाक्य हमी नाही. पत्रात तीन गोष्टी हव्यात: आमच्या संपादकीय निकषांत बसल्यास आम्ही छापू, अमुक संपादक हे काम पाहतील, आणि छापण्याआधीची कायदेशीर तपासणी आम्ही करू. तिसरी गोष्ट संपादक सहसा गाळतात, म्हणून तीच मागून घ्यावी. मानहानीचा दावा झाला तर कुणाचा वकील उभा राहणार, हे माध्यमसंस्थेशी होणाऱ्या करारातल्या नुकसानभरपाईच्या कलमात असतं. ते कलम सगळा भार लेखकावर टाकत असेल, तर १०,०००चं अनुदान घेऊन तुम्ही त्याहून मोठी जोखीम विकत घेताय. फंड पैसे देतो. कोर्टात उभा राहीलच असं नाही.

अनेक अनुदानं दोन हप्त्यांत येतात आणि शेवटचा हप्ता बातमी छापल्यावर. पत्र देणारा संपादक मध्येच नोकरी सोडून गेला, की तो हप्ता लटकतो. म्हणून दुसऱ्या संपादकाचं नाव पहिल्या दिवसापासून मेलच्या साखळीत ठेवावं, आणि परत न मिळणारा खर्च, म्हणजे तिकिटं, शुल्क, दुभाष्याची आगाऊ रक्कम, पहिल्या हप्त्यात बसवावा.

पैसा परदेशातून येणार असेल तर अर्जाआधीच सनदी लेखापालाला करार दाखवा. अनेक देशांत पत्रकाराने परकीय निधी घेण्यावर बंधनं आहेत, आणि कागदावर ‘अनुदान’ लिहिलंय की ‘कामाचं मानधन’ यावरून करच नव्हे, कायदाही बदलू शकतो.

अर्ज लिहिताना स्रोताचं नाव, हुद्दा, बैठकीची तारीख यातलं काहीही टाकू नका. अर्ज किती जणांच्या नजरेखालून जातो हे तुमच्या हातात नसतं. ‘विभागातली, फायली प्रत्यक्ष हाताळलेली व्यक्ती’ एवढं पुरे. त्याऐवजी दोन बातम्यांचं वर्णन करा: सगळं सिद्ध झालं तर कुठली छापता येईल, आणि मुख्य कागद हाती लागलाच नाही तरी कुठली. दुसरी बातमी सुचतच नसेल, तर अजून अर्जाची वेळ झालेली नाही. आधी स्वखर्चाने दोन आठवडे खणावं.

आणि निकालाला महिने लागतात हे धरून चाला. बातमी तितके दिवस थांबू शकत नसेल, तर लहान रकमेचा आणि लवकर निर्णय देणारा निधी घ्यावा, किंवा सरळ संपादकाकडे प्रवासखर्च मागावा.