भीमाशंकरच्या डोंगरातली निवासी निसर्गशाळा: पावसाळा ते फेब्रुवारी, पोरांचा आणि आमचा अनुभव

मंचर-घोडेगाव करत डिंभे धरणाच्या कडेकडेनं वर गेलं की भीमाशंकरच्या डोंगरात एका महादेव कोळी वाडीला लागून ही शाळा भरते. महिन्यातला एक शनिवार-रविवार, दुपारी पोरं सोडायची आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आणायची, मधली रात्र तिथंच. माझी लेक पाचवीत आहे, भाचा सातवीत, दोघं पावसाळ्याच्या तोंडापासून फेब्रुवारीपर्यंत जात होती. नवीन बॅचचं विचारणारे बरेच मेसेज येतायत म्हणून एकदाच सगळं लिहितेय. शाळेचं नाव देत नाहीये कारण तक्रारी पण आहेत, आणि असे उपक्रम आता बऱ्याच ठिकाणी चालतात, तर बघायचं काय ते जास्त महत्त्वाचं.

सगळ्यात आधी, पोरं दर वेळी त्याच जागेवर जातात हीच या शाळेची खरी ताकद आहे असं माझं आता ठाम मत झालंय. एक दिवसाचा ट्रेक करून येणं आणि एकाच ओढ्याला जूनमध्ये नुसता दगडगोट्यांचा बघणं, ऐन पावसात त्याच्या जवळ पण जाऊ न देणं इतका तो फुगलेला असणं, दिवाळीच्या आसपास त्यात खेकडे शोधणं आणि फेब्रुवारीत त्याची डबकी झालेली बघून पोरांनीच विचारणं की आता खेकडे गेले कुठे, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. हा प्रश्न कोणी शिकवून येत नाही हो.

प्रत्येक पोराला एक झाड निवडायला सांगतात. लेकीनं हिरडा निवडला, का तर चढायला सोपा वाटला. तर वाडीतल्या एका आजीनं तिला विचारलं, झाड कोणाचं आहे ते विचारलंस का गं? मग आजीनंच सांगितलं की हा हिरडा आमच्या घरचा आहे, बाळहिरडा म्हणजे कोवळी फळं पाडून वाळवून विकतो आम्ही, औषधाला जातो, रोख पैसा येतो तो त्यातूनच. त्यानंतर लेक दर वेळी आधी आजीच्या घरी जायची आणि मग झाडाकडे. जंगल म्हणजे रिकामी जागा नाही, तिथं कोणाचं तरी घर चालतं, हे शहरातल्या पोरांना एवढ्या सरळ कोण सांगणार?

भाच्याच्या झाडाशेजारी शेकरूचं घरटं होतं. शेकरू आपला राज्यप्राणी आहे हे त्याला पुस्तकातून माहीत होतंच, पण एका शेकरूची दोन-तीन घरटी असू शकतात, ते जमिनीवर सहसा उतरत नाही, हे त्याला तिथं कळलं. आणि एका सकाळी त्यानं ते खाताना बघितलं, मागच्या पायांनी फांदी धरून अख्खं उलटं लोंबकळलेलं, पुढच्या दोन पायांत फळ आणि ती लांबलचक शेपटी एका बाजूला सोडलेली. "मावशी, ते फळ फिरवून फिरवून खातं, एक बाजू झाली की दुसरी." हे त्यानं मला गाडीत करून दाखवलं. चित्रात किंवा व्हिडिओत पण दिसलं असतं, मान्य, पण तासभर मान वर करून गप्प बसल्यावर दिसलं त्याची किंमत त्याच्यासाठी वेगळी आहे.

आता रात्रीबद्दल, कारण सगळे तेच विचारतात. अभयारण्यात रात्री फिरायला परवानगी नसते, त्यामुळे रात्रीचं सगळं वाडीच्या मालकीच्या रानातच होतं, आणि नेणारा दादा वाडीतलाच असतो. ऐन पावसात तिथं कुजक्या लाकडावर चमकणारी बुरशी येते. पोरांना ताडपत्रीवर बसवून सगळे टॉर्च बंद करायला लावले. आधी काहीच दिसत नाही, पोरं चुळबुळ करतात, कोणीतरी रडवेलं होतं, आणि डोळे सरावले की एका ओंडक्याची कड फिकट हिरवी पांढरी दिसायला लागते. लेक म्हणाली, मला वाटलं माझे डोळेच बिघडले. फोटोत दिसतो तसा झगमगाट नसतो, अगदी मंद असतं, पण म्हणूनच अंधारात थांबायला लागतं. घरी बाथरूमपर्यंत एकटी न जाणारी पोरगी ही. पहिल्या रात्री ती खूप रडली होती, शाळेतली ताई तिच्याजवळ बसून राहिली, आम्हाला फोन केला नाही, आणि मला ते बरोबर वाटलं. डिसेंबरात उल्का बघायला हीच पोरगी सगळ्यात शेवटी झोपली. कृत्तिका, मृग, त्याच्या खालचा व्याध, हे आता गच्चीवर आम्हाला दाखवते.

झोपायची सोय कौलारू घरात, खाटेवर, मच्छरदाणी गादीखाली नीट खोचून. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावते, हे कारण पोरांना न घाबरवता सांगतात. बूट झटकून घालायचे, टॉर्चशिवाय पाऊल टाकायचं नाही. एक गाडी रात्रभर तयार असते. हे मी स्वतः विचारून खात्री केलेलं आहे, तुम्हीपण विचारा.

जेवण उत्तम. नाचणीची भाकरी, खुरासणीची चटणी, पावसात भारंगी-कुर्डूसारख्या रानभाज्या. भाचा घरी मेथीला तोंड लावत नाही, तिथं कडू भारंगी खाऊन आला.

आता तक्रारी. जुलैमध्ये रेड अलर्ट असताना बॅच रद्द केली ते योग्यच, पण मेसेज आला शनिवारी सकाळी, बॅगा गाडीत टाकल्यावर. आणि पैसे परत नाहीत, पुढच्या महिन्यात अॅडजस्ट. हा आंबेगाव तालुका आहे, 30 जुलै 2014 ला माळीण गावावर डोंगर कोसळून दीडशेहून जास्त माणसं गेली ती इथंच, त्यामुळे पावसाच्या बाबतीत आदल्या दिवशी दुपारपर्यंत निर्णय झालाच पाहिजे, आणि राहायचं घर उताराच्या पायथ्याशी आहे का, वर पाण्याची वाट आहे का, हे पालकांना आपणहून सांगायला पाहिजे. मी विचारलं तेव्हा नीट जागा फिरून दाखवली, पण न विचारणाऱ्यांचं काय?

दुसरं, दिवाळीनंतर मुलांची संख्या वाढवली आणि माणसं तेवढीच. त्या वेळी दोघंही कंटाळून आली, एवढ्या गोंगाटात पक्षी कुठला थांबणार. पालकांनी मिळून बोलल्यावर पुढच्या महिन्यात दोन गट केले, हे त्यांच्या बाजूनं सांगायलाच हवं. टॉयलेट दोनच आहेत, सकाळी रांग लागते. पावसात कपडे वाळत नाहीत, तीन जोड द्या आणि सगळं प्लास्टिकच्या पिशवीत.

मोबाईल सुटला का असं विचारतात. नाही सुटला, घरी आल्यावर तसाच हातात असतो. तिथं मात्र नसतो आणि त्याबद्दल कुरकुर पण नसते. मार्क वाढले का, तेही नाही. त्यासाठी पाठवत असाल तर फीचे पैसे वाचवा.

पोर आठ वर्षांच्या आत असेल किंवा घराबाहेर कधीच झोपलं नसेल तर जुलैत सुरुवात करू नका. सप्टेंबरअखेर पाठवा, पाऊस कमी झालेला असतो, सोनकीनं माळ पिवळे असतात, आणि पहिली रात्र कोरड्या अंथरुणात जाते. एक महिना बघून सोडायचं असेल तर फी वाया गेल्यासारखं वाटेल, निदान एक पावसाळा आणि एक हिवाळा तरी द्या. आम्ही लेकीचं पुढच्या वर्षाचं नाव दिलंय, भाच्याला मोठ्या मुलांच्या गटात जायचंय, तो गट अजून सुरू व्हायचाय. झाला की इथंच लिहीन.