पिठलं-भाकरीसोबत पोर्टिसहेडचा 'डमी'

इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या पोर्टिसहेड या बँडचा 'डमी' (1994) हा अल्बम रात्रीच्या साध्या जेवणासोबत ऐकायचा, आणि त्याला पिठल्याइतकं काही शोभत नाही. बँडने स्वतः वाजवलेले तुकडे आधी तबकडीवर छापून घेतले आणि मग टर्नटेबलवर फिरवून गाण्यात वापरले. म्हणून ड्रम्सभोवती ती बारीक चरचर आहे. फोनच्या स्पीकरवर ती आणि बास दोन्ही हरवतात, तेव्हा हेडफोन किंवा बरे स्पीकर हवेतच.

पिठलं दोघांपुरतं: एक वाटी बेसन, तीन वाट्या पाणी. बेसन आधी वाटीभर गार पाण्यात कालवा. कोरडं उकळत्या पाण्यात टाकलं तर बाहेरून लगेच शिजतं, आत कोरडं राहतं आणि गुठळ्या होतात. फोडणीत सहा-सात लसूण पाकळ्या ठेचून, हिरवी मिरची, हिंग, हळद. उरलेलं पाणी ओतून उकळी आली की कालवलेलं बेसन धार धरून सोडा, दुसऱ्या हाताने ढवळत राहा. मीठ घालून, झाकण ठेवून मंद आचेवर पाच-सात मिनिटं दणदणीत वाफ काढा. ही घाई केली की कच्चट वास राहतो. ज्वारीचं पीठ विरी गेलेलं (चिकटपणा गेलेलं) असेल तर भाकरी थापताना चिरते. तेव्हा कढत पाण्यात मळा.

अल्बममधलं 'सावर टाइम्स' हे गाणं फोडणीच्या वेळी छान वाटतं. 'रोड्स' मात्र ताट वाढल्यावरच. गायिका बेथ गिबन्सचा आवाज तिथे इतका उघडा आहे की भांड्यांचा आवाजही खुपतो.