गोचीड तापाची सुई मारायच्या आधी रक्त तपासा, लॅबचा माझा अनुभव

आमच्या तालुक्याच्या गावात जनावरांचं रक्त तपासणारी छोटी लॅब आहे, दोन महिन्यांत तीनदा जाणं झालं म्हणून लिहितोय. श्रावणात आमची तिसऱ्या वेताची एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गाय बावीस लिटरवरून चार दिवसांत सातवर आली, ताप १०५, रवंथ बंद, शेण एकदम घट्ट. गावातल्या एकाने नुसतं बघूनच गोचीड ताप म्हणून थायलेरियाची (गोचिडाने पसरणारा रक्तातला एक परजीवी) महागडी सुई मारली, पैसे गेले ते गेले, ताप काय हलला नाही. पापणी उलटून बघितली तर पांढरीफटक अन् पिवळी झाक, लघवी मात्र साफ. पोटात गोळाच आला.

लॅबच्या मॅडमनी फोनवरच नीट सांगितलं, जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त घ्या, हळू खालीवर करा, थंड डब्यात आणा पण नळी बर्फाला टेकू देऊ नका. तासाभरात रिपोर्ट. मला मायक्रोस्कोपमधून दाखवलंसुद्धा, तांबड्या पेशीच्या अगदी कडेला गडद ठिपका, टाचणीने टोचल्यासारखा. ॲनाप्लाझ्मा! हा जिवाणू, आणि थायलेरिया, बबेसिया वेगळेच, ते जिवाणू नाहीत. आपण तिन्हीला गोचीड तापच म्हणतो पण औषधं निरनिराळी, ॲनाप्लाझ्माला ऑक्सिटेट्रासायक्लिन हे अँटिबायोटिक चालतं जे त्या सुईच्या मानाने कितीतरी स्वस्त आहे. बबेसियात लघवी कॉफीसारखी लाल होते, यात होत नाही, हे मला तिथेच कळलं. हिमोग्लोबिन ५.४ निघालं, म्हणजे रक्त बरंच कमी. आमच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघून कोर्स केला, तिसऱ्या दिवशी गायीने गव्हाणीत तोंड घातलं. दूध अजून सोळावरच आहे.

आणखी एक, मॅडमनी विचारलं की सगळ्या गायींना एकच सुई वापरता का. वापरायचो. हा रोग गोचिडाशिवाय रक्त लागलेल्या सुईनेही पसरतो, चावऱ्या माशांनीही, आणि बरी झालेली गाय पुढेही अंगात जंतू बाळगते. आता दर जनावराला नवी सुई, कंटाळा करत नाही.

लॅब रविवारी बंद असते हे फार खटकतं, आजार काय वार बघून येत नाही. रिपोर्टही इंग्रजीत, खाली मराठीत दोन ओळी टाकल्या तर घरच्या बायकांनाही वाचता येईल, गोठा त्याच बघतात. बाकी वागणूक फार चांगली, दीडशे रुपयात एवढं समजावून कोण सांगतं. नंतर दोनदा कालवडींचं रक्त नेलं, एकीत ठिपके सापडले, अजून चारा खातेय. जायचं असेल तर सकाळी दहाच्या आत नळी पोचवा, आणि कुठलीही सुई मारायच्या आधी रक्त काढा, नंतर ठिपके सापडायला अवघड जातं.