दोन स्टिक वाढवाव्यात की जोडीच बदलावी?

१६ जीबी रॅम पुरेनाशी झाली, आता ३२ वर जायचं, इथपर्यंत कुणाचा वाद नसतो. गेम चालू, मागे ब्राउझरचे पंधरा टॅब, डिस्कॉर्डवर गप्पा, आणि नकाशाच्या नव्या भागात शिरलं की चित्र क्षणभर गचकतं. हे ज्याने सोसलंय त्याला कारण सांगायला नको. घोळ पुढे सुरू होतो. मदरबोर्डवर रॅमच्या पट्ट्या, म्हणजे स्टिक, बसवायचे चार स्लॉट, दोन भरलेले, दोन मोकळे. मोकळ्या जागेत ८-८ च्या आणखी दोन स्टिक बसवायच्या, की जुन्या काढून १६-१६ ची जोडी घ्यायची?

मी दोन्ही करून बसलोय, याच क्रमाने. पहिलं फसलं म्हणून दुसरं करावं लागलं, असं कुणी म्हटलं तर मी फार भांडणार नाही. पण चार स्टिक लावून वर्षानुवर्षं सुखाने खेळणारेही मी पाहिलेत, तेव्हा माझं म्हणणं जरा बेतानेच घ्या.

वाढवण्याच्या बाजूने बोलायला बरंच आहे. आधीची रॅम वाया जात नाही आणि निम्म्या खर्चात काम भागतं. शिवाय ८ जीबीच्या स्टिक बहुधा सिंगल रँक असतात, म्हणजे त्यांच्यावर एकत्र काम करणाऱ्या चिपचा एकच गट असतो. चार लावल्या की प्रत्येक चॅनेलवर, म्हणजे प्रोसेसर आणि रॅममधल्या प्रत्येक वाटेवर, दोन रँक होतात आणि एक रँक रिफ्रेश होत असताना प्रोसेसर दुसरीशी काम करू शकतो. डीडीआर४ या मागच्या पिढीच्या रॅमवर याचा थोडा फायदाच होतो.

मी तेच मॉडेल शोधून घेतलं. वेग तोच ३२००, सीएल (रॅम उत्तर द्यायला किती वेळ घेते तो आकडा) तोच १६, नंबर अक्षर न् अक्षर जुळणारा. बसवताना पहिला त्रास कूलरने दिला. त्याचा पंखा प्रोसेसरजवळच्या स्लॉटवर आलेला. पंखा काढला, स्टिक दाबली, पंखा थोडा वर सरकवून पुन्हा अडकवला. कॅबिनेटची काच तेव्हापासून कुरकुरत बसायची. तेवढं चालण्यासारखं होतं.

खरी कटकट वेगळीच निघाली. रात्री पीसी बंद केला आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बटण दाबलं, की कधीकधी पडदा काळाच राहायचा. बोर्डच्या कडेला डीरॅमचा, म्हणजे रॅमपाशी अडलंय असं सांगणारा, पिवळा दिवा. पंखे फिरायचे, थांबायचे, पुन्हा फिरायचे. असं दोन-तीनदा झालं की विंडोज गुमान उघडायचं. मी म्हटलं, उठायला वेळ घेतोय तर घेऊ दे. प्रत्यक्षात बोर्ड चारही स्टिक ३२०० वर जुळवून पाहत होता आणि जमलं नाही की एक्सएमपी (रॅमला तिच्या जाहीर वेगाने चालवणारी सेटिंग) सोडून गुपचूप २१३३ वर उतरत होता. ना सूचना, ना बीप.

गेम चालायचाच, फक्त गर्दीच्या जागी जडजड लागायचा. मी आधी ग्राफिक्स ड्रायव्हरला दोष दिला, मग गेमच्या नव्या पॅचला, मग सावल्यांची सेटिंग्ज खाली आणली. शेवटी एकदा टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा भाग उघडला, तर वेगासमोर २१३३. बायॉसमध्ये, म्हणजे बोर्डच्या सेटिंग्जमध्ये, जाऊन एक्सएमपी पुन्हा लावला. तीन दिवस बरे गेले, चौथ्या दिवशी पुन्हा तोच आकडा. रॅम तपासणारं मेमटेस्ट८६ रात्रभर चालवलं, एकही चूक नाही! नंतर लक्षात आलं की त्या रात्रीही तो २१३३ वरच चालत होता. पुढचे कित्येक आठवडे गेम उघडण्याआधी टास्क मॅनेजर उघडायची सवयच लागली. जोडी बदलायचा माझा निर्णय खरं तर या सवयीने केला.

पीसीतल्या भागांची माहिती दाखवणाऱ्या सीपीयू-झेडमध्ये पाहिलं, तर जुन्या जोडीवर एका कंपनीच्या चिप आणि नव्या जोडीवर दुसऱ्या. रॅमवर नाव लावणाऱ्या पुष्कळ कंपन्या चिप स्वतः बनवत नाहीत. सॅमसंग, मायक्रॉन किंवा एसके हायनिक्सच्या चिप घेऊन बसवतात, आणि मॉडेल नंबर तोच ठेवून आतली चिप बदलू शकते. एका पाकिटातल्या दोन स्टिक एकत्र चालतात एवढीच त्यांची हमी असते. दोन पाकिटं एकमेकांशी जमवून घेतील याची नसते. त्यात चार स्टिकचा भार मेमरी कंट्रोलरवर, म्हणजे प्रोसेसरमधल्या रॅम सांभाळणाऱ्या भागावर, पडतो तो निराळाच.

प्रामाणिकपणे सांगतो, चारही स्टिक २९३३ वर उतरवल्यावर हे सगळं थांबलं होतं. ३२०० आणि २९३३ मधला फरक माझ्या डोळ्यांना कळला नसता. पण एकदा शंका शिरली की प्रत्येक गचक्याला रॅमच आठवते.

१६-१६ ची जोडी दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटात बसवली, एक्सएमपी एकदाच चालू केला, आणि त्यानंतर तो पिवळा दिवा अडून राहिलेला पाहिला नाही. फ्रेम किती वाढल्या ते मोजलं नाही. संध्याकाळी बटण दाबून सरळ खेळायला बसतो, मला तेवढं पुरे. कूलरचा पंखाही मूळ जागी आला.

डीडीआर५, म्हणजे त्यापुढच्या पिढीची रॅम, वाल्यांनी तर फार विचार करू नये. रायझन ७००० मालिकेसाठी एएमडी दोन स्टिकना ५२०० चा वेग अधिकृतपणे देते, चार लावल्या की तोच ३६०० वर येतो. तिथे स्लॉट चार दिसले तरी दोनच आहेत असं धरून चाला.

उलट, एकच स्टिक लावून खेळत असाल तर माझी सगळी तक्रार बाजूला ठेवा. दुसरी आणा, ड्युअल चॅनेल, म्हणजे एकाऐवजी दोन वाटा, मिळवा. ३२०० वर २५.६ जीबी प्रतिसेकंदाची वाट थेट ५१.२ होते, आणि तो फरक खेळताना हाताला कळतो. बोर्डच मुळात २६६६ च्या पुढे जात नसेल, तर तेव्हाही चार स्टिकची ही कटकट सहसा वाट्याला येणार नाही.

बाकीच्यांना दोन स्टिक वाढवायच्याच असतील तर वाढवा. फक्त आठवडाभर रोज पूर्ण थंड झालेला पीसी सुरू करून टास्क मॅनेजरमधला आकडा बघत जा, आणि हे सगळं स्टिक परत करायची मुदत संपायच्या आत उरका.