मागच्या दिव्यात एलईडी: नुसता बल्ब, अख्खा दिवा की कस्टम बोर्ड?

"मामा, गाडीला मागं एलईडी बसवालोय. कुठलं घालू?" निपाणीहून भाच्याचा फोन. मी विचारलं, "कशाला?" तर म्हणाला, "मागनं गाडी जुनी दिसालीय." खरं कारण सांगितलं ते बरं केलं. एरवी लोक सुरक्षिततेचं नाव पुढं करतात आणि घेतात मात्र जे चमकतं ते.

मागचा दिवा आपल्याला कधीच दिसत नाही. तो मागच्यासाठी असतो, आणि मागच्याला एवढंच कळायला हवं की पुढची गाडी नुसती चालली आहे की ब्रेक लागलाय. साध्या बल्बमध्ये यासाठी दोन तारा असतात, ५ वॅटची टेलसाठी, म्हणजे रात्री सतत पेटलेल्या लाल दिव्यासाठी, आणि २१ वॅटची ब्रेकसाठी. प्रकाशात मोजलं तर सुमारे ३५ ल्युमेन आणि ४४० ल्युमेन, म्हणजे बारा पटींचा फरक. एलईडी निवडताना मी उजेड बघत नाही, हा फरक बघतो. दुकानदार मात्र दाखवताना नेमका उजेडच दाखवतो.

आहे तेच ठेवणं हाही पर्याय आहे, आणि तो वाटतो तितका वेडगळ नाही. बल्ब चाळीस-पन्नास रुपयांत मिळतो, खानापूरच्या आडगावातल्या गॅरेजातही मिळतो आणि स्वतःला बदलता येतो. गेला तर सरळ जातो, अर्धवट लुकलुकत बसत नाही. मागचा उजेड कमी वाटत असेल तर आधी काच आतून-बाहेरून पुसा आणि होल्डरची गंजलेली पट्टी घासा. अर्थिंग नीट नसलं की ब्रेक दाबल्यावर इंडिकेटरही मिणमिणतो. निम्म्या गाड्यांची तक्रार इथंच मिटते. उरलेल्यांना एलईडीचा एक फायदा मात्र खरोखर मिळतो. बल्बची तार तापून पूर्ण पेटायला साधारण ०.२ सेकंद घेते, एलईडी जागच्या जागी पेटतो. ताशी ८० किलोमीटरला ०.२ सेकंदात गाडी साडेचार मीटर जाते, म्हणजे माझ्या वॅगनआरच्या लांबीपेक्षा जास्त. हायवेवर संकेश्वरच्या अलीकडं पुढं उसाची ट्रॉली आडवी आली, तर तेवढं अंतर मागच्याला हवंच असतं.

बल्बच्या जागी एलईडी बल्ब

हा सगळ्यात स्वस्त मार्ग, आणि मी सगळ्यात आधी फसलो तो इथंच. 'पांढरा घ्या, जास्त पडतो' म्हणून पांढरे एलईडी बल्ब गळ्यात पडले. घरासमोर रात्री लावून बघितले तर झकास. पावसाळ्यात जांबोटी रोडला निघालो, भाचा मागं मोटरसायकलवर. चहाला थांबलो तर तो वैतागलेला: "मामा, ब्रेक मारलासा काय न्हाई, काय कळंनाच की!" पांढऱ्या एलईडीच्या उजेडात निळा आणि पिवळाच जास्त असतो, लाल कमी. लाल काच बाकीचं सगळं अडवते आणि मागं गुलाबीसर फिकट काहीतरी पोचतं. लाल काचेमागं लाल एलईडी, नारिंगीमागं नारिंगी, हा नियम मी त्या चहाच्या टपरीवर शिकलो. इंडिकेटरची काच पारदर्शक असेल तर एलईडी नारिंगीच हवा.

दुसरी अडचण दिव्याच्या आतल्या चकचकीत वाटीची. ती वाटी एका बारीक तारेसाठी घडवलेली असते. तारेचा उजेड चहूबाजूंनी वाटीवर पडतो आणि वाटी तो मागं फेकते. ज्या एलईडी बल्बच्या फक्त टोकावर चिप आहेत, तो मधोमध ठिपक्यासारखा पेटतो आणि वाटी काळी राहते. समोरून डोळे दिपतात, जरा बाजूला सरकलं की दिवा गायब. अंगाभोवतीही चिप असलेला बल्ब घ्या. जुना बल्ब काढून हातात घेऊनच दुकानात जा, कारण पितळी टोपीला दोन खुंट्या असलेला वेगळा आणि काचेच्या चपट्या बुडाचा वेगळा. चपट्या बुडाचा एलईडी पेटला नाही तर उलटा फिरवून बघा. एलईडीला प्लस-मायनस कळतं, साध्या बल्बला कळत नव्हतं.

इंडिकेटरबद्दल माझं मत स्पष्ट आहे: त्याला हात लावू नका. फ्लॅशर, म्हणजे इंडिकेटर टकटकवणारी डबी, किंवा गाडीचा कंट्रोल युनिट करंट मोजतो. २१ वॅटच्या जागी दोन-तीन वॅट दिसले की बल्ब गेला असं समजून इंडिकेटर दुप्पट वेगानं टकटक करायला लागतो. त्यावर उपाय म्हणून दुकानात सोनेरी रंगाचा रेझिस्टर जोडून देतात, बहुतेक ६ ओहमचा. इंजिन चालू असताना १४ व्होल्ट धरले तर दिवा पेटलेला असतो तेवढा वेळ तो तीसेक वॅट नुसते तापून जाळतो. वीज वाचवायला एलईडी आणि ती जाळायला रेझिस्टर! माझ्या गाडीत तो डिकीच्या प्लास्टिकच्या अस्तराला टाय मारून लटकवला होता. चोर्ला घाटात पंक्चर झालं, पाऊण तास चारही इंडिकेटर चालू ठेवले आणि स्टेपनी काढताना जळका वास आला. अस्तराला सुपारीएवढं भोक. रेझिस्टर बसवायचाच तर पत्र्यावर स्क्रूनं, वायरच्या जुडग्यापासून लांब. सुटा फ्लॅशर असलेल्या जुन्या गाडीत एलईडीला चालणारा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर घातला की रेझिस्टरची कटकटच नाही.

अख्खा दिवा बदलायचा तर

यात दोन जाती आहेत आणि त्यांची एकमेकींशी तुलनाच होऊ नये. एक म्हणजे त्याच गाडीच्या वरच्या मॉडेलला कंपनी देते तो एलईडी दिवा. महाग, हजारांत जातो. पण तो तपासणीतून गेलेला असतो, टेल आणि ब्रेकमधला फरक ठरवूनच बनवलेला असतो, आणि रबर-सीलसकट जागेवर बसतो. खोट एवढीच की कनेक्टर वेगळा असू शकतो, आणि नव्या गाडीत कंट्रोल युनिटला तो ओळखीचा नसेल तर डॅशवर इशारा पेटतो. दिवा घेण्याआधी कनेक्टरच्या पिना मोजून घ्या.

दुसरी जात बाजारातल्या डिझायनर दिव्याची: धुरकट काच, पळता इंडिकेटर, दार उघडलं की नाच. फोटोत देखणा दिसतो. भरदुपारी उन्हात धुरकट काचेमागं ब्रेक लागलेला कळतच नाही. शिवाय एक गोष्ट कुणी विचारत नाही. मूळ दिव्यात किंवा बंपरवर लाल रिफ्लेक्टर असतो. बॅटरी संपून गाडी रस्त्याकडेला मेलेली असताना मागच्या गाडीच्या उजेडात तेवढाच चमकतो. तुमच्या गाडीत तो दिव्यातच असेल आणि नव्या दिव्यात नसेल, तर तो दिवा परत करा. उसाच्या हंगामात बिनदिव्याच्या ट्रॉल्या चुकवत घरी आलेल्याला हे समजावून सांगायला नको.

कस्टम बोर्ड

भाच्याच्या डोळ्यात खरा हाच भरलाय. मूळ दिवा उघडायचा, आत आपल्या आकाराचा एलईडी बोर्ड बसवायचा आणि पुन्हा बंद करायचा. चांगल्या हातानं केलं तर कंपनीच्या दिव्याला मागं टाकेल असं काम होतं, आणि उद्यमबागेसारखी कारखान्यांची वसाहत असलेल्या आमच्या बेळगावात चांगल्या हातांना तोटा नाही. पण फसतं ते दोन ठिकाणी.

पहिलं, करंट. गाडी बंद असताना बॅटरी साडेबारा व्होल्टच्या आसपास, इंजिन चालू झालं की साडेचौदापर्यंत. समजा पाच लाल एलईडी एका ओळीत आहेत, प्रत्येकी २ व्होल्ट, आणि पुढं १०० ओहमचा रेझिस्टर. १२ व्होल्टला २० मिलिअँपिअर जातात, १४.४ ला ४४. टेबलावर नीट पेटणारा बोर्ड रस्त्यावर दुप्पट करंट खातो, तापतो, आणि लाल एलईडी तापला की मंद होतो. सहा महिन्यांत एकेक ओळ काळी पडायला लागते. म्हणून करणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: "ड्रायव्हर घालणार की नुसता रेझिस्टर?" कॉन्स्टंट करंट ड्रायव्हर, म्हणजे व्होल्ट वाढले तरी करंट तेवढाच ठेवणारं सर्किट, म्हणाला तर पुढं बोला. एलईडीच्या चिकट पट्टीचा गुंडाळा दाखवला तर चहा पिऊन उठा.

दुसरं, पाणी. दिव्याची काच काळ्या चिकट मसाल्यानं बसवलेली असेल तर उष्णतेनं सुटते. वितळवून जोडलेली असेल तर कापावीच लागते, आणि कापलेली काच पहिल्यासारखी क्वचितच बसते. निपाणीत कदाचित निभेल. कणकुंबी-जांबोटीच्या पावसात मात्र बारीक फटही पुरते. शिवाय मूळ दिव्याला हवा खेळायला छोटी छिद्रं असतात, हौसेनं तीही बुजवली की आतून काच घामेजते आणि कधी सुकत नाही.

कायद्याचं थोडक्यात. गाडीत कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा ठरेल असा बदल करू नये असं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये ते आणखी कडक धरलं. १९८९ च्या नियमांप्रमाणे मागचा लाल दिवा १५५ मीटरवरून दिसला पाहिजे आणि नंबर प्लेटवरचा पांढरा उजेड १५ मीटरवरून नंबर वाचता येईल इतका हवा. इंडिकेटर, रिव्हर्स आणि प्लेटचा दिवा सोडला तर मागं लालशिवाय रंग नको. निळी पट्टी, लुकलुकता ब्रेक हे गेलंच. आपल्या बेळगावची केए २२ नंबरची गाडी सकाळी महाराष्ट्रात चंदगडला आणि संध्याकाळी गोव्यात साखळीला असते, म्हणजे एका दिवसात तीन राज्यांचे पोलीस. कंपनीच्या दिव्याला कुणी हटकत नाही, नाचणाऱ्याला तिघंही हटकतील. वॉरंटीतल्या गाडीची वायर कापणं तर विसराच.

काहीही बसवलं तरी एक चाचणी करा. टेल चालू ठेवून कुणाला तरी ब्रेक दाब-सोड करायला सांगा आणि तीसेक पावलं मागं जाऊन उभे राहा, एकदा अंधारात आणि एकदा दुपारी तीनच्या उन्हात. मग दोन्हीकडं जरा तिरके सरका. ब्रेक लागला हे न विचारता कळलं तर काम झालं.

भाच्याची गाडी पाच वर्षांची, वॉरंटी संपलेली, आणि तिच्या वरच्या मॉडेलला एलईडी दिवे येतात. मी त्याला तेच दिवे घे म्हटलंय, तोपर्यंत ब्रेकला लाल एलईडी बल्ब आणि इंडिकेटर आहे तसा. कस्टम बोर्डाचं वेड अजून उतरलेलं नाही. रविवारी येतो म्हणालाय. मी म्हटलं, ये, पण काढलेले जुने बल्ब फेकू नको, डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेव.