टेक्सासमध्ये ब्यूटी स्कूलची फी भरण्याआधी हे लेटर मागवाच

माझ्या मैत्रिणीला इथे टेक्सासमध्ये एस्थेटिशियनचा, म्हणजे फेशियल वगैरे स्किन केअरच्या कामाचा, कोर्स करायचा होता, ७५० तासांचा असतो, पण विशीत असताना तिच्यावर चोरीची एक केस झाली होती आणि तेच डोक्यात बसलेलं की लायसन्स कोण देणार आपल्याला. ज्या ब्यूटी स्कूलमध्ये चौकशी केली तिथे कोणी सांगितलं नाही की इथे प्रत्येक अर्जदाराचं बॅकग्राउंड चेक होतं, फक्त फी कधी भरताय एवढंच विचारत होते, मला फार राग आला त्याचा.

मग टीडीएलआरची, म्हणजे इथल्या लायसन्स खात्याची ही सोय कळली. अ‍ॅडमिशन घेण्याआधीच आपला रेकॉर्ड पाठवायचा आणि लायसन्सला अडचण येईल का ते लेखी विचारायचं, त्याला क्रिमिनल हिस्टरी इव्हॅल्युएशन लेटर म्हणतात. गुन्हा कसला, तेव्हा वय किती, मध्ये किती वर्षं गेली, नंतर काम कसं केलं हे सगळं बघतात, म्हणून आम्ही जुन्या मालकिणीचं पत्र, कोर्टाचे कागद सगळं जोडलं. एकच, उत्तर द्यायला कायद्यात ९० दिवसांची मुदत आहे, कोर्सची बॅच गाठायची असेल तर ती फार जास्त वाटते मला.

लेटर आलं, अडचण नाही असं. ती किचनमध्ये उभी राहून दोनदा वाचत होती. सोमवारपासून क्लास सुरू होतोय तिचा.